करंट दाखवला की चालतो, आठ दिवसांनी पुन्हा मुका: गो-कार्टवरच्या जुन्या डायनामोचा बिघाड

"मामा, परत लाल दिवा."

जानेवारीपासून मेपर्यंत भाच्याचा हा फोन मला निदान सहा वेळा आला. प्रत्येक वेळी पुढची गोष्ट तीच. गो-कार्टवरचा डायनामो बॅटरी चार्ज करत नाही, म्हणून चार्जिंगचा लाल दिवा पेटलेलाच. त्याच्या एफ टर्मिनलला, म्हणजे आतल्या फील्ड कॉइलच्या टोकाला, बॅटरीतून क्षणभर करंट दाखवला की चालू होतो. चार दिवस नीट चालतो. मग गाडी आठवडाभर उभी राहिली की पुन्हा मुका. त्याने आणि त्याच्या मित्रांनी ठरवून टाकलं होतं की जुन्या डायनामोतलं चुंबकत्व गेलंय, कॉइल म्हातारी झालीय, आता हे असंच चालणार. तसं नव्हतं, आणि बहुतेक वेळा नसतंच. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी गाडीबद्दल. चौकट भाच्याने स्वतः वेल्डिंग करून बनवली आहे. इंजिन होंडाचं जीएक्स 160, साडेपाच हॉर्सपॉवरचं, फोंड्याच्या एका कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाणी शिंपायच्या पंपावर होतं ते. डायनामो माझ्याकडचा. मी डिचोलीच्या बाजूला खाणीच्या वर्कशॉपमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि मी घराशेजारी गॅरेज टाकलं, तेव्हा बरोबर आणलेल्या सामानात लुकास जातीचा एक सी 40 डायनामो होता, जुन्या अँबेसेडरवरचा, आणि त्याच्याबरोबरची, व्होल्टेज आवरणारी रेग्युलेटरची पेटी. कार्टला पुढे दोन दिवे, मागे एक आणि हॉर्न, एवढ्यासाठी तो पुरून उरतो. बारा व्होल्टला साधारण बावीस अँपिअर देतो आणि पंचावन्न वॅटचे दोन दिवे मिळून नऊ अँपिअरच खातात. पूर्ण भारावर तो इंजिनाची पाऊण हॉर्सपॉवर घेतो, साडेपाचातून ती कळते, पण चालतं. आता नवीन काही विकत घेणार असाल तर मारुतीचा जुना अल्टरनेटर (डायनामोच्या जागी नंतर आलेला) घ्या, हलका आणि सोपा पडेल. पण घरात चांगला डायनामो पडलेला असेल तर तो फेकू नका.

एक गोष्ट आधी मनातून काढून टाका. अल्टरनेटरला डॅशबोर्डवरच्या दिव्यातून सुरुवातीचा करंट मिळतो, दिवा गेला तर तो बहुतेक वेळा जागा होत नाही. डायनामोचं तसं नाही. डायनामो स्वतःच्या लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर जागा होतो. लाल दिव्यातून येणारा करंट आर्मेचरमधून (फिरणाऱ्या गुंडाळीतून) सरळ अर्थला, म्हणजे बॉडीला जातो, चुंबकत्व तयार करणाऱ्या फील्ड कॉइलला त्याचा काही उपयोग नाही. भाच्याने दोनदा बल्ब बदलला होता, तो खर्च वाया गेला.

जागा होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं की पुढचा सगळा बिघाड कळतो. डायनामो फिरायला लागला की उरलेल्या चुंबकत्वामुळे डी टर्मिनलवर, जिथून डायनामोचा करंट बाहेर पडतो तिथे, दीड ते तीन व्होल्ट येतात. ते व्होल्टेज रेग्युलेटरच्या मिटलेल्या पॉइंटमधून (एकमेकांना टेकलेल्या टिकल्यांमधून) एफला, म्हणजे फील्डच्या कॉइलला जातं. कॉइलचा रेझिस्टन्स सुमारे सहा ओहम. दोन व्होल्टला सहाने भागा, पाव ते अर्धा अँपिअर. एवढ्याशा करंटने चुंबकत्व थोडं वाढतं, त्यामुळे व्होल्टेज वाढतं, त्यामुळे करंट वाढतो, आणि दोन-तीन सेकंदांत चौदा व्होल्ट उभे राहतात. पण या पहिल्या पावलाला, त्या दोन व्होल्टला, वाटेत कुठे अडथळा आला तर? कार्बनवर (फिरत्या भागावर घासून करंट घेणाऱ्या ब्रशवर) तेलकट थर असेल, पॉइंट काळे असतील, अर्थचा नट रंगावर बसवलेला असेल, आणि या सगळ्यांचा मिळून आणखी सहा ओहम रेझिस्टन्स झाला, तर करंट निम्मा झाला. मग चुंबकत्व वाढतच नाही. डायनामो दोन व्होल्टवर फिरत राहतो, दिवा पेटलेला राहतो.

फील्डला करंट दाखवल्यावर लोखंडात ताजं, थोडं जास्त चुंबकत्व राहतं. दोनाचे तीन-साडेतीन व्होल्ट होतात आणि तेवढा जोर त्या थरातून वाट काढतो. एकदा चौदा व्होल्ट उभे राहिले की मग थराची काही मातब्बरी नाही. म्हणून "करंट दाखवला की चालतो" याचा अर्थ चुंबकत्व गेलं होतं असा नाही. वाटेत अडथळा होता आणि तो अजून तिथेच आहे, असा आहे. मी स्वतः हे पहिल्या तीन फोनांना सांगितलं नाही, "पुन्हा दाखव" एवढंच सांगून फोन ठेवला. तेव्हाच जाऊन बघायला हवं होतं.

दुसरी खूण वेगाची. भाचा म्हणाला, "कधी कधी पूर्ण रेस दिली की दिवा विझतो, मग विझलेलाच राहतो." हेसुद्धा त्याच रोगाचं लक्षण. डायनामो जितका जोरात फिरेल तितका जास्त अडथळा तो सोसू शकतो. मोटारीवर त्याची पुली लहान असते, त्यामुळे इंजिन मंद असतानाही तो बऱ्यापैकी फिरतो. कार्टवर टर्नरने दोन्ही पुल्या सारख्या मापाच्या करून दिल्या होत्या, त्यामुळे इंजिन मंद चालत असताना डायनामो जेमतेम चौदाशे फेऱ्यांवर. अशा ठिकाणी मोटारीवर खपून गेलेला अडथळा खपत नाही. आणि इंजिन दोरी ओढून सुरू होतं, स्पार्क मॅग्नेटोचा, बॅटरीशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे बॅटरी उतरते आहे हे आठवडाभर कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

मे महिन्यात शेवटी मी मीटर घेऊन त्याच्याकडे गेलो. गाडी दहा दिवस उभी होती, म्हणजे बिघाड हजर होता. बिघाड हजर असतानाच तपासायला हवं. करंट दाखवून चालू केलेल्या डायनामोत काही सापडत नाही.

पहिलं काम, डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढल्या. डी मोठं टर्मिनल, एफ लहान. मीटर डी आणि डायनामोच्या बॉडीमध्ये लावला, इंजिन मंदपेक्षा थोडं वर ठेवलं. मीटरवर 2.1 व्होल्ट. म्हणजे चुंबकत्व शाबूत. भाचा म्हणाला, "मग तर चालायला पाहिजे." डिजिटल मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे थर असला तरी त्याला व्होल्टेज पूर्ण दिसतं. थर दिसतो तो करंट वाहायला लागल्यावर.

म्हणून दुसरं काम, डी आणि एफ एका वायरच्या तुकड्याने जोडले, मीटर तिथेच. म्हणजे रेग्युलेटर बाजूला ठेवून डायनामोला एकट्याला विचारलं. चांगला डायनामो इथे झपकन वर जातो, इतका की वीस व्होल्टच्या वर जाऊ न देता रेस सोडावी लागते. हे जपूनच करा, रेग्युलेटर नसताना त्याला आवरणारं कुणी नसतं. आमचा मात्र 1.6 वर घुटमळत राहिला. जोडल्यावर व्होल्टेज वाढायच्या ऐवजी उतरलं. रेस वाढवली तेव्हा अचानक उसळी मारून सतराच्या पुढे गेला. इथेच निदान झालं: अडथळा डायनामोच्या आत आहे.

बॅटरी सोडवली, डायनामो उतरवला, मागचं झाकण काढलं. लांब बोल्ट दोनच असतात, पण झाकण ओढताना कार्बनच्या स्प्रिंगा बघून ओढा, नाहीतर कार्बन सुटून खाली येतात आणि कुठला कुठे होता ते कळत नाही. आत बघितलं तर कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची कडी, तांब्याचा वाटतच नव्हता. तपकिरी-काळा, चिकट, बोटाला लावला की बोटावर लाल रेघ उठत होती. फटी भरून सपाट झालेल्या. नखाने उकरलं तर डांबरासारखी गोळी निघाली.

तेल आणि सड्यावरची (कातळाच्या माळावरची) माती. मागच्या झाकणावर मध्यभागी एक बारीक भोक असतं, तिथल्या बुशसाठी. त्यात काही हजार किलोमीटरांनी तेलाचे तीन-चार थेंब घालायचे असतात. भाचा दर रविवारी गाडी काढायच्या आधी तेलाची पिचकारी त्यात दाबायचा. प्रेमाने करायचा, बेअरिंग सुकू नये म्हणून. जास्तीचं तेल बुशमधून आत झिरपून कॉम्युटेटरवर येत होतं आणि गाडी चालायची ती गावावरच्या सड्यावर, जिथे जांभ्या दगडाची लाल भुकटी उन्हाळ्यात पायाच्या घोट्यापर्यंत असते. पुलीच्या मागचा पंखा डायनामोतून हवा ओढतो, थंड ठेवायला. त्याच हवेबरोबर भुकटी आत जाते आणि तेलावर बसते. गाडी चालत असताना कार्बन तो थर घासून वाट मोकळी ठेवतात. उभी राहिली की तेल पुन्हा पसरतं, घट्ट होतं. आठ दिवसांचं कोडं ते एवढंच.

साफ करताना घाई करू नका. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आधी सगळं तेल पुसलं, तीन फडकी काळी झाली. (हे बाहेर, उघड्यावर, बॅटरीपासून दूर.) मग अगदी बारीक काचपेपरची पट्टी कॉम्युटेटरभोवती लावून आर्मेचर हाताने फिरवलं, तांबं एकसारखं दिसेपर्यंत. एमरी पेपर इथे वापरू नये, त्याचे कण तांब्यात रुततात आणि कार्बन खातात. त्यानंतर फटी. तांब्याच्या दोन पट्ट्यांमधला अभ्रक तांब्यापेक्षा सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर खोल असायला हवा. हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा घासून पातळ केला, त्याला कापडाची मूठ बांधली आणि एकेक फट ओढली. जुन्या लोकांकडून शिकलेलं हे काम मला फार आवडतं. पातं अभ्रकात चालतं तेव्हा खरखर आवाज येतो, तांब्याला लागलं की आवाज बदलतो, त्यावरून हात सांभाळायचा. तासभर गेला. भाच्याने शेवटच्या दहा फटी स्वतः ओढल्या.

कार्बन लांबीला ठीक होते, पण एक खोबणीत अडकत होता. त्याची बाजू सपाट काचेवर ठेवलेल्या पेपरवर दोनदा घासली, मग स्वतःच्या वजनाने खाली सरकू लागला. तेल लागलेले कार्बन पेट्रोलने पुसून उन्हात ठेवले. फार भिजलेले असतील तर बदलाच, किंमत काही मोठी नाही.

परत बसवून डी-एफ जोडून बघितलं. मंद इंजिनावरच चौदा, पंधरा, सोळा, रेस सोड म्हणून ओरडावं लागलं.

इथे थांबावंसं वाटतं. थांबू नका. सगळ्या वायरी जागेवर लावून इंजिन सुरू केलं तर दिवा विझला, पण उशिरा, थोडी रेस दिल्यावर. म्हणजे डायनामोच्या बाहेरही थोडा अडथळा होता. रेग्युलेटरची पेटी उघडली. आत दोन गुंडाळ्या असतात. एक रेग्युलेटर, दुसरा कटआउट, जो डायनामोचं व्होल्टेज पुरेसं झालं की त्याला बॅटरीशी जोडतो, नाहीतर तोडून ठेवतो. रेग्युलेटरचे पॉइंट गाडी बंद असताना मिटलेले असतात आणि फील्डचा करंट त्यांच्यातून जातो. ते काळे पडले तर करंटला शेजारच्या रेझिस्टन्समधून जावं लागतं आणि त्यातून सुरुवातीच्या दोन व्होल्टचं काही निभत नाही. आमचे राखाडी झालेले होते. बारीक सिलिकॉन कार्बाईडच्या पेपरची अरुंद पट्टी मधून दोन-तीन वेळा ओढली, मग स्पिरिट लावलेला कोरा कागद ओढला, तो स्वच्छ निघेपर्यंत. कटआउटचे पॉइंट जास्त मऊ असतात, त्यांना फक्त बारीक काचपेपर. स्क्रूंना हात लावायचा नाही. व्होल्टेज वर-खाली वाटलं की पोरं आधी तेच फिरवतात, आणि मग सेटिंग कुठे होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

अर्थचं तर सांगायलाच हवं. पेटी प्लायवूडवर बसवलेली होती आणि तिची ई, म्हणजे अर्थची वायर चौकटीच्या एका बोल्टखाली, सुंदर निळ्या रंगावर. डायनामो रबरी बुशवर, हादरे बसू नयेत म्हणून, त्यामुळे त्याच्या बॉडीची अर्थही फक्त ताण द्यायच्या पट्टीतून. दिवे लावून मीटर डायनामोच्या बॉडीवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवला, 0.9 व्होल्ट. इथे 0.2 च्या वर काही दिसलं तर अर्थ खराब समजा. आता डायनामोच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आहे आणि पेटीची ई त्याच बॉडीच्या बोल्टवर. ई पूर्ण तुटली तर गोष्ट गंभीर होते. रेग्युलेटरला व्होल्टेज कळत नाही, कटआउट लागत नाही आणि डायनामो मोकाट सुटतो, लाल दिवा नेहमीपेक्षा झगझगीत होतो. असा दिवा दिसला तर लगेच इंजिन बंद करा. आपल्याकडे चार महिने पावसाचे आणि वर खारी हवा, रंगावरचा बोल्ट पहिल्या पावसाळ्यातच आतून गंजतो. रंग खरवडा, चकचकीत लोखंडावर थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) बसवा, घट्ट केल्यावर वरून ग्रीस.

हे झाल्यावर मंद इंजिनावर, दोरी ओढल्यापासून तीन सेकंदांत दिवा विझला.

ज्यांचा डायनामो करंट दाखवूनही एकदाही चाललेला नाही, त्यांचं कारण वेगळं. फिरायची दिशा बघा. मोटारीवरचा डायनामो पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. जीएक्स 160 चा शाफ्ट शाफ्टकडून पाहिलं तर उलट्या दिशेने. इंजिनाशेजारी, पुली एकाच बाजूला ठेवून डायनामो बसवला तर तो उलटा फिरतो, आणि उलटा फिरणारा डायनामो स्वतःचं उरलेलं चुंबकत्व स्वतःच पुसून टाकतो. भाच्यानेही पहिल्यांदा तसाच बसवला होता. उपाय सोपा, डायनामो उलटा वळवून पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला घ्यायचा, मग पुलीकडून दिशा बरोबर येते. शंका असेल तर पट्टा काढा, डी आणि एफ एकत्र करून बॅटरीच्या प्लसला, बॉडी मायनसला. तो मोटरसारखा हळूहळू फिरू लागेल. ज्या दिशेने फिरेल, त्याच दिशेने त्याला इंजिनाने फिरवायचं.

आणि करंट दाखवायचाच असेल, म्हणजे डायनामो खोलला असेल किंवा दुसऱ्या गाडीचा असेल, तर दोन्ही वायरी काढून, बॅटरीच्या प्लसची वायर एफला दोन-तीनदा नुसती टेकवा. डायनामोला स्वतःचा प्लस-मायनस नसतो, शेवटचा करंट ज्या बाजूने दाखवला तो त्याचा प्लस. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या कित्येक गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असायची, तिथून आलेला डायनामो तसाच लावला तर कटआउटचे पॉइंट जळतात. बॅटरी उलटी लागली तरी तेच. गेल्या दिवाळीत आमच्या वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांतले दिवे पेटवायला कार्टचीच बॅटरी नेली. पहाटे नरकासुर जाळून, रात्रभराच्या जाग्या डोळ्यांनी परत लावली ती उलटी. डायनामो आणि बॅटरी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे राहिले, पॉइंट चिकटले, वायरीचं प्लास्टिक वितळलं. तेव्हापासून प्लसचं थिंबल मोठ्या भोकाचं आणि मायनसचं लहान भोकाचं आहे, अदलाबदल होतच नाही. शिवाय पेटीच्या ए, म्हणजे बॅटरीकडे जाणाऱ्या टर्मिनलपासून बॅटरीपर्यंतच्या वायरीत तीस अँपिअरचा फ्यूज घातला आहे. हा तर पहिल्या दिवसापासून हवा होता.

गाडी फक्त सड्यावर आणि मालकाला विचारूनच चालते. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मीही आणू देत नाही.

जूनमध्ये गाडी पडवीत झाकून ठेवली. कार्बन कॉम्युटेटरवरून उचलून त्यांच्यामध्ये मेणकागदाचे तुकडे ठेवले, तेलाच्या भोकावर टेप लावला आणि त्यावर भाच्याने तारीख लिहिली. ऑक्टोबरात झाकण काढलं, मेणकागद काढले, बॅटरी बाहेर चार्ज करून लावली. दोरी दोनदा ओढावी लागली, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल होतं. इंजिन लागलं, लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. एफला कुणी हात लावला नव्हता.

पुल्या मात्र अजून सारख्याच मापाच्या आहेत. टर्नरकडे लहान पुली दिली आहे, ती आली की मंद इंजिनावर दोन्ही दिवे लावून बघायचं आहे.